डबिंगच्या आधीचा आवाज

श्रीलताने पद्माकरला जवळजवळ ओढूनच थिएटरात नेलं. ती आणि तिचा नवरा भास्कर म्हणजे मेलबर्नच्या टार्निट उपनगरातले त्याचे शेजारी, मूळ हैदराबादचे. त्याची बायको चित्रलेखा गेल्यापासून त्यांच्याकडून डबा यायचा. पद्माकर तो घ्यायचा, धुऊन परत द्यायचा आणि दार लावून घ्यायचा. त्या रविवारी दुपारी मात्र श्रीलता दारातून हलली नाही.

"भाईसाब, तेलुगू पिक्चर है, कॉमेडी. नीचे इंग्लिश में लिखा आता है. आप सिर्फ बैठो."

"हँसने का मन नहीं है, श्रीलता."

"तो मत हँसो. बैठो तो सही."

मॉलमधलं थिएटर भरलेलं होतं. पोरं शिट्ट्या मारत होती, कागदाचे कपटे उडवत होती. पद्माकर दोघांच्या मध्ये अंग चोरून बसला.

पिक्चरची गोष्ट इथलीच, मेलबर्नची. तीन रिकामटेकडी पोरं एका बिल्डरच्या बायकोला पळवायचं ठरवतात. पण नव्या वस्तीतली घरं एका साच्यातली. तेच करडं गॅरेज, तेच वीतभर लॉन. पोरं चुकीच्या गल्लीत वळतात आणि भलत्याच घराची बेल वाजवतात. दार उघडतं.

दारात चित्रलेखा उभी होती.

पद्माकरला वाटलं, आपल्याला काहीतरी झालं. त्याने डोळे मिटले, उघडले. ती तिथेच होती. अंगात मोरपंखी कुर्ता. तो कुर्ता त्याने स्वतः घडी करून देणगीच्या पिशवीत घातला होता. आता ती कमरेवर हात ठेवून त्या पोरांना वरपासून खालपर्यंत बघत होती. मग तिने तोंड उघडलं आणि दुसऱ्याच कुठल्या बाईचा, जाडसर, तेलुगू आवाज आला. थिएटर हसून लोळलं.

पद्माकरने खुर्चीचा हात घट्ट धरला. आवाज परका होता, पण ओठ तिचे होते, आणि ते मराठी बोलत होते. चप्पल बाहेर, असं ती म्हणाली ते त्याला स्पष्ट कळलं. रोज ऐकलेलं होतं. पोरांनी तिला गाडीकडे ढकललं तेव्हा तिने 'पद्माकर' म्हटलं. पुढेही काही बोलली, पण तेवढ्यात तिची मान पलीकडे वळली. पडद्यावर नुसता अंबाडा दिसला. गाडी निघून गेली.

तो उठला आणि लोकांच्या पायांवरून वाट काढत बाहेर आला. मागोमाग श्रीलता आणि भास्कर आले. पॉपकॉर्नच्या काउंटरशी तिघं उभी राहिली.

"हमारे घर में शूटिंग हुआ था," श्रीलता म्हणाली. "आप ड्यूटी पे थे. जो आंटी आने वाली थी, वो आई नहीं. चित्रा ने बोला, मैं करती हूँ. डायरेक्टर बोला, आंटी, तेलुगू छोड़ो, घर में जैसा डाँटती हो वैसा डाँटो, आवाज हम बाद में डालेंगे."

पद्माकरला आठवलं. मागच्या ऑक्टोबरात बस डेपोत लावून तो घरी आला, तेव्हा गल्लीत व्हॅन उभ्या होत्या. चित्रलेखा म्हणाली होती, कसलं तरी शूटिंग आहे. आणि कणीक मळत राहिली होती.

"वो क्या बोली? मेरा नाम लेके क्या बोली?"

"मराठी हमको किधर आता है, भाईसाब."

 भास्कर म्हणाला, "सेट का साउंड रहता है. डबिंगवाले वही सुनके करते हैं. एडिटर मेरे मामा का लड़का है." त्याने तिथेच फोन लावला. तेलुगूत बराच वेळ हुज्जत झाली, विनवणी झाली.

दुसऱ्या दिवशी पद्माकर शिफ्टवर गेलाच नाही. दुपारी क्लिप आली. तो स्वयंपाकघरात उभा राहिला आणि त्याने ती लावली.

आधी खरखर, मग लांबवर कुत्रं, मग ती. तिचाच आवाज.

"चप्पल बाहेर. बाहेर म्हटलं ना? आत्ता पुसलंय मी. आणि हात काय धरतोस माझा? थांबा जरा. पद्माकरला सांगून येते, मग न्या कुठे न्यायचं ते."

कोणीतरी कट म्हणालं. लोक हसले. टाळ्याही पडल्या. पद्माकर टेबलाला टेकला. त्याला वाटलं संपलं, पण रेकॉर्डिंग चालूच होतं. माइक तिच्या कुर्त्याला तसाच राहिला असावा. ती श्रीलताशी हळू आवाजात बोलत होती.

"इनको मत बताना. पिक्चर लगेगी तब ले जाना थिएटर में, मैं न भी रहूँ तो."

"और डॉक्टर ने जो बोला?"

"वो भी नहीं. क्रिसमस में तनया आ रही है. उतना होने दो, फिर बताऊँगी."

पद्माकर खाली बसला. जानेवारीत हॉस्पिटलमध्ये तिच्याशेजारी बसून रिपोर्ट त्याने ऐकला होता. तिने त्याचा हात धरला होता आणि तिलाही आत्ताच कळतंय अशी मान हलवली होती. ख्रिसमसला ती सगळ्यांना घेऊन बीचवर गेली होती, लेकीच्या, तनयाच्या केसांना तेल लावत बसली होती. आणि तिला सगळं माहीत होतं.

फोन वाजला. सिडनीच्या ब्लॅकटाउनहून तनया. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"बाबा, आई पिक्चरमध्ये आहे? Like, actually? श्रीलता आंटी म्हणाली तुझ्याकडे तिचा आवाज आलाय. लाव ना."

"थांब."

त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि लॅपटॉपवर क्लिप लावली. चप्पल बाहेर, तिथेच तनया हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली. लोकांच्या टाळ्या सुरू झाल्या तसं पद्माकरने बटण दाबलं. आवाज बंद झाला.

"Is that it, बाबा? पुढे काही नाही?"

"नाही गं," तो म्हणाला. "एवढंच आहे."