मायचा एकटीचा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, आणि सध्या माझा मुक्काम बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. शेजारी दोन तुटक्या वायरी, एक बंद पडलेला फ्लॅश आणि कुणाच्या तरी चष्म्याची काडी. तुम्हाला गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा. समोर असेल तेच दाखवायचं, एवढंच मला येतं.

माझा जन्म जपानमधला. मला घडवणाऱ्यांनी दोन गुण दिले. एक म्हणजे माझं तोंड मोठं. अंधाऱ्या खोलीतही मी पुरेसा उजेड आत घेते, फ्लॅशची गरज पडत नाही. दुसरं म्हणजे माझं माप कायमचं पन्नास मिलिमीटर, ना कमी ना जास्त. फोटोत जास्त माणसं हवी असतील तर फोटोग्राफरनं स्वतः मागे जावं, चेहरा मोठा हवा असेल तर पुढे यावं. मी जागची हलत नाही. काही लोक याला गुण म्हणत नाहीत. न म्हणोत बापडे.

१९६७ साली मी नागपुरात रुपरावांच्या कॅमेऱ्यावर बसले. महाल भागात त्यांचा छोटा स्टुडिओ होता आणि मागच्या दोन खोल्यांत त्यांचा नि गोपिकाबाईंचा संसार. गाव नरखेड तालुक्यातलं. तिथे थोरले भाऊ शालिकराम संत्र्याची बाग पाहत, आणि आई प्रयागबाई त्यांच्याकडे राहत. रुपराव तिला माय म्हणत, म्हणून मीही मायच म्हणते.

ती माझी पंधरा वर्षं सोन्याची होती. उमरेडला एका विणकराच्या घरात मागाजवळ एकच झरोका होता. त्या एवढ्याशा उजेडात मी म्हाताऱ्याच्या हातावरची शीर न् शीर टिपली. लग्नाच्या मुलींचे पसंतीचे फोटो काढायला लोक लांबून येत. 'रुपरावच्या फोटोत पोरगी जशी आहे तशीच दिसते,' असं म्हणत. काही मुलींच्या आयांची नेमकी तीच तक्रार होती! रुपराव मला मऊ कापडानं पुसत, फुंकर मारत, आणि पावसाळ्यात धान्याच्या कोठीवर, कोरड्या जागी ठेवत.

पण त्यांची एक खोड होती. ही खोड सगळ्याच फोटोग्राफरांची, म्हणून कुणाला ती खोड वाटत नाही. रोल गिऱ्हाइकाचा. त्यातले सगळे फोटो गिऱ्हाइकाचे. शेवटी दोन-तीन उरलेच तर ते घरच्यांचे. मग त्या उरलेल्यात कधी शेजारचं बाळ बसे, कधी नवीन सायकल. गोपिकाबाई आणि माय यांचा नंबर काही लागत नसे.

१९८१ साली माय मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला आली. महिनाभर राहिली. सकाळी स्टुडिओच्या दारात वाती वळत बसायची. दारातून येणारा उजेड तिच्या एका गालावर पडायचा, दुसरा गाल सावलीत. मित्रांनो, तो उजेड माझ्यासाठीच होता! डॉक्टरांनी डोळ्यांवर झगझगीत प्रकाश नको म्हणून सांगितलं होतं, तेव्हा फ्लॅशचा प्रश्नच नव्हता. मी कॅमेऱ्यावर होते. कॅमेरा रुपरावांच्या हातात होता. आणि मायनं स्वतःच्या तोंडानं मागितलं.

"रुपराव, माया एकटीचा एक फोटू काढ न गा."

"काहून वं माय? एकाएकी?"

"मेल्यावर भितीले लटकवाले काही पाह्यजे का नाही? तुया बापाचा एकबी नाही राह्यला. आता मले त्याचं तोंड आठवत नाही, बाबू."

हे ती हसत म्हणाली, पण वाती वळणारा हात थांबला होता.

"काढतो न, माय. गिऱ्हाइकाचा रोल आहे. संपू दे."

रोल संपला. दुसरा भरला. माय गावी गेली.

पुढे खापरखेड्याच्या कॉलनीत एका साहेबांच्या निरोपाचा फोटो होता. साठ माणसं तीन रांगांत उभी. माझ्यात ती मावेनात. रुपराव मागे सरकत गेले, आणखी सरकले, आणि पाठीमागच्या नालीत गुडघाभर उतरले. साठच्या साठ माणसं खो खो हसली. घरी येईपर्यंत ते मलाच बोल लावत राहिले. नाली खणली कुणी, मागे न बघता चाललं कोण, आणि दोष आला माझ्या वाट्याला.

ही गोष्ट कॅमेऱ्याच्या दुकानातल्या ओमप्रकाशच्या कानावर गेली. तो म्हणाला, "भाऊ, नाली में काहे को गिरते हो? ये झूम ले लो. खड़े रहो, घुमाओ, पूरा खानदान अंदर!"

आणि ती आली. जाडजूड, गळ्याला रबराची पट्टी. पट्टी फिरवली की अठ्ठावीसपासून सत्तरपर्यंत सरकणारी. खोटं बोलणार नाही, ती कामाची होती. अंगण, मांडव, वऱ्हाड, सगळं पोटात घ्यायची. पण तिला उजेड फार लागायचा, आणि अगदी रुंद केली की कडेच्या माणसांचे चेहरे ओढल्यासारखे पसरायचे. मधली माणसं ठीक. लोक फोटोत आधी मधली माणसंच पाहतात. मला डब्यात घातलं गेलं. दोन पावसाळे मी तिथेच काढले. माझ्या काचेवर आतून बुरशीचं जाळं धरलं, ते पाहायला झाकण उघडलं कुणी?

१९८४च्या वैशाखात शालिकरामांच्या मुलीचं, शामलाचं लग्न गावी होतं. निघायच्या आदल्या दिवशी रुपराव बॅग भरत होते. गोपिकाबाईंनी डबा उघडून मला बाहेर काढलं.

"हेबी घ्या न जी. मायचा एकटीचा फोटू काढाचा होता न तुमाले?"

रुपरावांनी मला एका हातात घेतलं, झूमला दुसऱ्या. तोलून पाहिलं. माझं सगळं आयुष्य त्या तोलण्यावर होतं, आणि मायचंही.

"एवढं ओझं काहून न्याचं? लग्नात लेन्स बदलवत बसू का? झूममंदी सगळेच येते. माय बी येईन."

झाकण लागलं.

पुढचं मी पाहिलं नाही. गोपिकाबाईंच्या तोंडून ऐकलं. अंगणात घरच्या चाळीस माणसांचा फोटो ठरला. नवरा-नवरी मधोमध. मायला कुणीतरी नातीशेजारी बसवायला गेलं, तर ती मागे सरली. "मी कडेलेच बरी," म्हणाली. विधवा बाईनं नवरीजवळ बसू नये, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि बस म्हणून हट्ट धरायचं कुणाला सुचलं नाही. ती अगदी उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. रुपरावांनी जागच्या जागी पट्टी फिरवली. चाळीस माणसं आत आली. माय बी आली.

मी असते तर चाळीस मावली नसती, हे कबूल. रुपरावांना दोन फोटो काढावे लागले असते. कडेच्या माणसांसाठी चार पावलं चालत जावं लागलं असतं, आणि त्या चार पावलांच्या शेवटी माय उभी होती. रोल मात्र छत्तीसच्या छत्तीस फोटो वऱ्हाडावरच खर्चून संपला.

आषाढात माय गेली.

तेरवीला फोटो हवा होता. रुपरावांनी सतरा वर्षांच्या निगेटिव्हची पाकिटं उपसली. हजारो लोकांचे चेहरे निघाले. मायचा एकच होता, तोच कडेचा. त्यांनी तो मोठा करून छापला. एक गाल कोपऱ्याकडे ताणलेला, कपाळ तिरपं, डोळा लांबट. मग कागद तिरपा धरून पुन्हा छापला, पेन्सिलीनं गाल आत घेतला, कुंचल्यानं डोळा सारखा केला. दोन दिवस त्यांनी आपल्या आईचा चेहरा दुरुस्त केला.

हा रंगवलेला फोटो एकच होता, आणि भाऊ-बहिणींना प्रती द्यायच्या होत्या. त्यासाठी फोटोचाच फोटो काढावा लागतो. त्या कामाला कडा वाकवणारी झूम चालत नाही. म्हणून अखेर माझ्या डब्याचं झाकण उघडलं. रुपरावांनी मला उजेडासमोर धरलं. आतलं जाळं दिसलं. ते धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले, पण आतली बुरशी बाहेरून निघते थोडीच! तरी ते पुसतच राहिले. मला त्यांचा राग होता. त्या घटकेला मला त्यांच्यासाठी रडू आलं, आणि तरी राग गेला नाही.

चार टाचण्यांनी भिंतीवर लावलेली माय मला अशी भेटली. दारात वाती वळत बसली होती तेव्हा नाही, आता कागदावर. समोर होतं ते मी टिपलं. तेही धुरकट.

तेरवीहून परतल्यावर गोपिकाबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "इंदूबाईनं काय इचारलं, ऐकलं न तुमी?"

इंदूबाई मायच्या शेजारची, पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण. हार घातलेल्या फोटोसमोर हात जोडून उभी राहिली, आणि हळूच म्हणाली होती, "हे कोन बाई आहे वं?"

रुपरावांनी मला कॅमेऱ्यावरून उतरवलं. आणि पुन्हा डब्यात ठेवलं.

मित्रांनो, आम्हा लेन्सांना कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा, हे तर सांगतेच. पण कोणती लेन्स चांगली, असं विचाराल तर आधी एवढं पाहा की तुम्हाला कुणाच्या जवळ जायचं राहिलं आहे. सगळ्यांना सामावून घेणारी असो की माझ्यासारखी हट्टी, चालायचं काम कुणीच तुमच्यासाठी करणार नाही. आणि रोलमधला पहिला फोटो घरच्यांचा काढा.

हे मी रुपरावांनाही सांगितलं असतं. पण डब्यातून ऐकू येतं, बोलता येत नाही. परवा सकाळी गोपिकाबाई स्टुडिओच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मायाबी एकटीचा एक काढून ठेवा न जी," त्या म्हणाल्या.

"काढतो न वं," रुपराव म्हणाले. "हा रोल संपू दे."