आजींच्या किमोनोचा पदर

१९९९ साल. नोव्हेंबर लागला होता, दुबईची हवा नुकती माणसात आली होती आणि अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये शोभनाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्या शुक्रवारी संध्याकाळी तिच्या फोटोंचं प्रदर्शन होतं.

आदल्या वर्षी गुणवंतला त्याच्या जपानी कंपनीने वर्षभरासाठी ओसाकाला धाडलं होतं. शोभना मैथिलीला घेऊन सोबत गेली. तिथे तिने गळ्यात कॅमेरा अडकवला तो परत येईपर्यंत उतरवलाच नाही. वसंतात चेरीचा बहर, उन्हाळ्याच्या उत्सवात दोरखंडांनी ओढलेले लाकडी रथ, शरदात देवळाच्या पायऱ्यांवर सांडलेली लालभडक पानं आणि थंडीत छपरांवर साचलेला बर्फ. हे सगळं तिला दाखवलं हयाशीबाईंच्या आईने. हयाशीबाई म्हणजे गुणवंतच्या दुबईतल्या साहेबांची बायको. त्यांची आई क्योटोला एकटी राहायची, ऐंशी ओलांडलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी त्या पहाटे स्टेशनवर हजर असायच्या, शोभनाची बाही धरायच्या आणि गर्दी जमायच्या आत तिला कुठल्यातरी देवळात नेऊन उभी करायच्या. शोभना त्यांना आजी म्हणायची. त्याही "हाय, हाय", म्हणजे जपानीत "हो, हो" करत ओ द्यायच्या.

आता दुबईतल्या जपानी मंडळींच्या मेळ्यात, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, ते फोटो लागणार होते. आणि खुद्द आजी मुलीकडे आल्या होत्या. शोभनाने त्यांना अजून काहीच दाखवलं नव्हतं. सगळ्यात मोठा फोटो त्यांचाच होता, बहरलेल्या चेरीखाली, राखाडी किमोनोत.

एकच अडचण होती. फोटोत आजी डावीकडे बघत होत्या आणि त्याची जागा भिंतीच्या डाव्या टोकाला, दाराशी होती. म्हणजे त्या सगळ्या प्रदर्शनाकडे पाठ फिरवून बाहेर बघताहेत असं दिसलं असतं. कुसैसच्याच फोटो लॅबवाल्या जहूरभाईंनी तोडगा काढला. मूळचे ते चिपळूणचे.

"वहिनी, निगेटिव्ह उलटी लावून छापतो. शादीच्या अल्बमात नवरा-नवरी एकमेकांकडे बघत नसली की आपण हेच करतो. कुणाला कळत नाय."

फोटोत कुठे पाटी नव्हती, अक्षर नव्हतं. खरंच कळलं नाही. शोभना बेहद्द खूश झाली.

सकाळी हॉलमध्ये फोटो टांगले. हयाशीबाई आजींच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, "फार सुंदर" म्हणाल्या, कमरेत वाकल्या. मग आतून फुलांची एक भलीमोठी रचना आणून नेमकी त्याच फोटोसमोर उंच स्टुलावर ठेवली. आजींच्या गळ्यापासून कमरेपर्यंतचा भाग फांद्यांच्या आड गेला.

गाडीत बसल्याबरोबर शोभनाचा पारा चढला. "अख्ख्या हॉलमध्ये त्यांना तीच जागा सापडली?"

"साहेबांची बायको आहे," गुणवंत म्हणाला. "त्यांनी फोटोसमोर उंट बांधला तरी आपण छान म्हणायचं."

दुपारी ती गुणवंत आणि मैथिलीला घेऊन पुन्हा गेली. मेळ्यात मुली किमोनो घालून नाचणार होत्या आणि मागच्या खोलीत हयाशीबाई एकेकीला तयार करत होत्या. तेवढाच हातभार म्हणून शोभनाने मैथिलीचा किमोनो गुंडाळायला घेतला.

"आई, इट्स टू टाइट."

"उभी राहा गं सरळ."

तिने उजवी बाजू वर घेतली आणि पट्टा बांधणार, तेवढ्यात हयाशीबाईंनी तिचा हात धरला. त्यांनी किमोनो सोडला आणि डावी बाजू वर घेतली.

"नेहमी अशी," त्या हळूच इंग्रजीत म्हणाल्या. मग क्षणभर अडखळल्या. "उजवी वर असते ती... माणूस गेल्यावर." आणि त्यांनी नजर वळवली.

शोभनाला पुढे काही समजावून सांगायची गरजच नव्हती. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध तिच्या डोळ्यासमोर उभं राहिलं. गुरुजींनी "अपसव्य" म्हटलं की गुणवंत जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायचा. आणि मग तिला ती फुलं आठवली.

ती हॉलमध्ये धावली, फांद्या बाजूला सारल्या. उलट्या छापलेल्या फोटोत आजींच्या किमोनोची उजवी बाजू वर होती. ज्या बाईने तिला जपान दाखवलं, तिलाच तिने मेलेल्या माणसासारखं सजवून दाराशी टांगलं होतं. आणि आजी सहा वाजता येणार होत्या.

तिने फ्रेम काढली, बगलेत मारली, गुणवंतला गाडी काढायला सांगितली आणि जहूरभाईंना फोन लावला.

"दुकान उघडा."

"वहिनी, जुम्मा आहे. बिर्याणी पानात पडलीय. चारनंतर, इन्शाल्ला."

"जहूरभाई, आपण आजींना मारलंय."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मग, "आलो."

ते तोंड पुसत आले. मशीन गार पडलं होतं, आतलं केमिकल तापल्याशिवाय काही छापता येत नव्हतं. शोभना लहानग्या दुकानात येरझाऱ्या घालत होती. तिने सगळं सांगितलं तसा जहूरभाईंनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे कफनच की! तोबा. एवढे अल्बम केले, कुणी कधी बोललं नाय."

"लग्नात नवऱ्याच्या शर्टाची बटणं बघतो कोण," गुणवंत म्हणाला.

मशीनमधून फोटो सरकत बाहेर आला. आजी डावीकडे बघत होत्या आणि डावा पदर वर होता. शोभनाने तो दोन्ही हातांवर धरून वाऱ्याला लावला. जहूरभाईंनी उलटा फोटो कात्रीने बारीक कापून टाकला आणि नवा फ्रेममध्ये बसवला.

"यल्ला, चला," म्हणत आयुष्यभर गाडी सावकाश हाकणाऱ्या गुणवंतने दाबून ॲक्सिलरेटर मारला.

ते पोचले तेव्हा लोक जमू लागले होते. शोभनाने धापा टाकत फ्रेम खिळ्यावर अडकवली. हयाशीबाई आल्या. त्यांनी फोटो पाहिला, शोभनाकडे पाहिलं. दोन्ही हातांनी ती फुलं उचलली आणि चहाच्या टेबलावर नेऊन ठेवली. परत येऊन त्या वाकल्या, सकाळपेक्षा बऱ्याच खाली.

तेवढ्यात जावयाचा हात धरून आजी आत आल्या. दारात पाऊल टाकताच समोर त्याच उभ्या होत्या, येणाऱ्याकडे बघत. आजी थबकल्या. मग स्वतःच्याच फोटोला वाकून नमस्कार करत काहीतरी बोलल्या आणि सगळी जपानी मंडळी खो खो हसली.

"आई म्हणते," हयाशीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ही म्हातारी माझ्याआधी पोचली आणि मलाच या म्हणतेय."

मग आजींनी शोभनाचा पदर धरला आणि तिला भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं. जणू फोटो काढले होते आजींनी आणि शोभनाच पाहुणी होती.

जहूरभाईंनी पुढे अल ऐनला स्वतःचा स्टुडिओ टाकला. लग्नाचे अल्बम तिथेही केले, पण नवरा-नवरी रुसल्यासारखी दिसली तरी निगेटिव्ह उलटी लावली नाही. मैथिली लग्नानंतर दुबईतच डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला गेली. गुणवंत निवृत्त झाला आणि शोभनाला घेऊन पुण्याला परतला. अपसव्य करायची वेळ आली की तो अजून बायकोकडे बघून हसतो. शोभनाचा कॅमेरा चालू आहे. कुठलाही फोटो हातात आला की ती आधी गळा बघते, मग चेहरा.

हयाशी मंडळी जपानला गेली. २००४ च्या हिवाळ्यात हयाशीबाईंचा फोन आला. आजी गेल्या होत्या. अंत्यविधीच्या वेळी त्यांना राखाडी किमोनोच नेसवला, उजवी बाजू वर घेऊन. आणि बाहेर दाराशी, त्यांनीच सांगून ठेवल्याप्रमाणे, शोभनाने काढलेला फोटो ठेवला होता. त्यात डावा पदर वर होता आणि आजी येणाऱ्या प्रत्येकाला या म्हणत होत्या.