दहा मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुनं सोनोग्राफी यंत्र आहे. मूल होत नाही म्हणून लोक जिथे येतात, त्या दवाखान्यात माझा जन्म गेला. खोक्यातून उतरलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्या बटणांवरचं प्लास्टिक स्वतःच्या हातांनी काढलं होतं.

माझं मुख्य काम म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजायची. गोठवून ठेवलेला गर्भ आत सोडायचा, तर आधी त्याची जागा तयार करावी लागते. पहिल्या गोळ्यांनी अस्तर वाढतं. ते पुरेसं वाढलं की दुसऱ्या गोळ्या, म्हणजे अस्तर गर्भाला धरून ठेवण्याजोगं होतं. गर्भ पाच दिवसांचा असेल, तर या गोळ्यांचेही पाच दिवस भरावे लागतात.

बारा वर्षं माझं कौतुक झालं. मग शेजारच्या खोलीत नवं यंत्र आलं आणि मी ‘जुना डबा’ झालो. आता गर्दी झाली तरच माझी आठवण होते.

अशाच एका मंगळवारी शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई नवऱ्याबरोबर आल्या. आधीचे दोन प्रयत्न वाया गेलेले, आणि आता एकच गर्भ उरलेला. नवा तयार होण्याची आशा डॉक्टरीणबाईंनीही सोडली होती. तासाभरात तो गोठवणाऱ्या टाकीतून बाहेर निघणार होता, आणि एकदा निघाला की त्याच दिवशी सोडावा लागतो.

मी जाडी दाखवली. दहा मिलिमीटर!

“वा!” नवरा म्हणाला. बाईंचा चेहरा फुलला.

थोरल्या सिस्टरना मात्र सगळं दोनदा विचारायची खोड. “दुसऱ्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे गुरुवारीच सुरू केल्यात ना?”

“नाही, शनिवारी.”

“शनिवारी? का हो?”

“गुरुवारी आठच होतं ना. म्हणजे काठावर पास! म्हटलं, थांबू दोन दिवस, दहा तरी होऊ दे.”

“अहो बाई, आठ पुरे होतं! गर्भ पाच दिवसांचा आणि तुमच्या गोळ्यांचे दिवस भरलेत तीनच. आज सोडला तर तो रुजायचा कसा?”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टरनी तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला. “बाहेर काढलात का?”

“हातमोजे घातलेत. आता गर्भ बाहेर काढतोच आहे.”

“थांबा! आज नाही.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाई मात्र रडू लागल्या. “माझ्याच हातानं घालवत होते की हो मी त्याला!”

“घालवलात कुठे? आहे तिथे सुखरूप आहे. परवा या. आणि मधली एकही गोळी चुकवू नका,” सिस्टर म्हणाल्या.

गुरुवारी गर्भ सोडला. तो रुजला की नाही, ते मला कुणी सांगितलं नाही. यंत्राला कोण सांगतं?

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसत जा, आमच्या वायरी वेड्यावाकड्या गुंडाळू नका, डोक्यावर चहाचा कप ठेवू नका. पण पडद्यावर आकडा चांगला दिसला म्हणून माणसाला विचारायचं सोडू नका. त्या सकाळी माझा आकडा अगदी बरोबर होता.