जॅक उचलतो, मी धरते

मी एक जुनी घोडी आहे. थांबा मित्रांनो, गवत आणायला पळू नका. मी लोखंडाची आहे. जॅकने उचललेली मोटार ज्या ठेंगण्या लोखंडी आधारावर टेकवतात, त्याला घोडी म्हणतात. मला चार पाय आहेत, वर-खाली सरकणारा एक दांडा आहे आणि तो जागच्या जागी अडकवणारी जाडजूड खीळ आहे. दिसायला मी देखणी नाही. पण माझ्या भरवशावर माणसं गाडीखाली पाठ टेकतात, आणि याचा मला भारी अभिमान आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेर पाठवण्यापूर्वी आम्हा घोड्यांची परीक्षा घेतली गेली. शेजारची एक घोडी भार येताच वाकली आणि थेट भंगारात गेली. मी मात्र तसूभरही हलले नाही. तेव्हा कुठे माझ्या अंगावर भाराचा आकडा ठोकला गेला आणि मी माझ्या जुळ्या बहिणीसोबत एकाच खोक्यात बसून निघाले.

आम्हाला विकत घेतलं एका बसचालकाने. घराला लागून त्यांची पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये त्यांची लाडकी जुनी मोटार. मालकांची कामाची रीत ठरलेली होती. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, हातब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना लाकडी पाचरी लावायच्या. जॅकने पुढची बाजू उचलली की गाडीच्या भक्कम भागाखाली आम्हा दोघींना ठेवायचं, खिळी पूर्ण आत सारायच्या आणि गाडी अलगद आमच्यावर उतरवायची. एवढं झालं की ते बायकोला हाक मारत. मालकीणबाई ओले हात पुसत येत, गाडीला खांद्याने चांगला धक्का देत आणि ती हलत नाही असं पाहून म्हणत, "जा आता."

शेजारी चेष्टा करायचे. "काय, परवानगी मिळाली का?"

मालक हसून म्हणायचे, "खाली मी जाणार, पण वाट तिला बघावी लागणार. मग खात्री तिनेच करायला नको?"

जॅकचा तेव्हा काय तोरा होता! गाडी वर गेली की सगळे त्याच्याकडे बघत. तो उचलण्यात पटाईत होताच, मी नाही म्हणत नाही. पण धरून ठेवणं हे त्याचं काम नव्हे. ते आमचं काम.

पुढे मालक म्हातारे झाले आणि एके दिवशी गेले. शेड सुनी पडली. मुलगी आणि जावई मालकीणबाईंच्या सोबतीला राहायला आले. मुलीने आम्हाला हिरवा रंग दिला, आमच्यावर एक जाड फळी टाकली आणि शेडच्या दाराशी बाक तयार केला. मालकीणबाई रोज सकाळी तिथे चहा घेत बसत. वाईट काहीच नव्हतं. पण जिने मोटार पेलली, तिला हे काम म्हणजे नुसती सुट्टीच होती. मनातून मी जरा रुसलेच होते.

एका रविवारी मोटारीखाली तेलाचे थेंब दिसले. जावई कचेरीत काम करणारे, पण हाताला हुशार. सगळं सासऱ्यांकडूनच शिकलेले. घोड्या लागतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण घोड्यांवर फळी होती आणि फळीवर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना उठा कसं म्हणायचं? जावयांनी निमूटपणे जॅक लावला, गाडी उचलली, पोतं पसरलं आणि ते आडवे झाले. त्यांचा खांदा गाडीखाली सरकताना मला दिसला. मला तोंड असतं तर मी शेड डोक्यावर घेतली असती.

"जावईबापू, घोड्या लावल्या का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तुम्ही बसलाय ना त्यांच्यावर. दोन मिनिटांचं तर काम आहे, उगाच तुम्हाला कशाला उठवायचं?"

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. "आधी बाहेर या. मला मान द्यायच्या नादात माझ्या लेकीला एकटं पाडाल."

जावई बाहेर आले. मुलीने फळी उतरवली. आम्हाला उलटंपालटं करून गंज, तडा, वाकलेपण काही आहे का ते पाहिलं गेलं. रंगाने खिळी घट्ट बसल्या होत्या, त्या खरवडून मोकळ्या केल्या. मग गाडी आमच्यावर उतरली; जॅक तसाच खाली टेकवून ठेवला. किती वर्षांनी तो भार अंगावर आला! मालकीणबाईंनी खांदा लावला. "जा आता."

जावई खाली गेले. थोड्या वेळाने जॅकमधून फुस्स असा आवाज झाला. त्याच्या आतलं जुनं रबर फाटलं, तेल वाहिलं आणि त्याचं डोकं झरझर खाली गेलं. मगाशी जावई खाली सरकत होते, तेव्हा गाडीला या जॅकशिवाय दुसरा आधार नव्हता. आता आम्ही दोघी होतो. आम्ही हललो नाही.

खालून हळू आवाज आला, "सासूबाई, जॅक बसला."

"आणि गाडी?"

"गाडी आहे तिथेच आहे."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण या शब्दांची सर कशालाच नाही.

तो जॅक मोडीत गेला. बाकाला सुताराकडून लाकडी पाय आले आणि आमची जागा गाडीशेजारच्या भिंतीवर ठरली, सहज हाताला येईल अशी. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिच्यावर कुंड्या ठेवू नका. गंजू देऊ नका. आणि गाडीखाली जाणारा कितीही मोठा असो, घोड्या लावल्या का, हे त्याला बेधडक विचारा.

मालकीणबाई आता काठी घेऊन चालतात. तरी गाडी वर चढली की जावई पोतं हातात धरून त्यांची वाट बघत उभे राहतात. त्या सावकाश येतात, काठी लेकीकडे देतात आणि खांदा लावतात. मी चारही पाय फरशीवर घट्ट रोवते.

"जा आता," त्या म्हणतात.