चालत्या कचऱ्याची नोंद

मी आयग्लास बोलतोय. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस एका डोळ्याच्या खोबणीत काळं नळकांडं दाबून धरतो ना, तोच मी. मला दांडी नाही, काड्या नाहीत. भुवई आणि गाल यांच्या चिमटीत राहायचं आणि समोरची वस्तू दहापट मोठी करून दाखवायची, एवढंच माझं काम. तुम्ही म्हणाल, मग तू फार जग पाहिलं असशील. छे! दोन बोटांच्या अंतरावरचं मला लख्ख दिसतं, त्यापलीकडे सगळं धुकं. माझ्या मालकांचा चेहरा मी कधी पुरता पाहिलेला नाही. त्यांच्या पापण्या मात्र एकूण एक ओळखतो.

माझी काच एका कारखान्यात घासली गेली. तिथल्या तपासनीस बाईंनी मला डोळ्याला लावून एका कागदावरचा ठिपका पाहिला, "ठीक" म्हणाल्या आणि खोक्यात टाकलं. पुढे हत्यारांच्या दुकानात माझ्या मालकांनी, म्हणजे घड्याळजींनी, सात आयग्लास लावून पाहिले आणि मला निवडलं. तेव्हा ते पंचविशीत होते. त्या निवडीचा मला अजून थोडा गर्व आहे.

मग एकेचाळीस वर्षं आम्ही दोघांनी घड्याळांच्या पोटात डोकावण्यात घालवली. एक सांगतो, घड्याळाच्या बाबतीत माणसं सर्रास थापा मारतात. "काही झालं नाही हो, आपोआप बंद पडलं," असं म्हणत घड्याळ पुढे करायचे, आणि झाकण उघडलं की आत पाणी, साबण, एकदा तर चक्क मुंगी. घड्याळजी कुणाला तोंडावर खोटं पाडायचे नाहीत. "होतं असं," एवढंच म्हणायचे. रबरी फुगा दाबून हवेनं धूळ उडवायची, चिमट्यानं एकेक भाग काढायचा आणि काढला त्याच क्रमानं बशीत मांडून वर काचेचा वाडगा पालथा घालायचा. काढलेलं काहीही, अगदी कचऱ्याचा कण असला तरी, काम संपेपर्यंत फेकायचं नाही, हा त्यांच्या टेबलाचा नियम होता.

मग एके दिवशी एक बाई वडिलांचं घड्याळ घेऊन आल्या. त्यात केसाएवढी बारीक कमान असते, तिला चिमटा लावताना घड्याळजींचा हात थरथरला. माझ्यातून तो थरकाप दहापट मोठा दिसला, म्हणजे बघा. कमान मोडली. घड्याळजींनी "माझ्या हातून मोडली" असं खरं सांगितलं, माफीही मागितली. त्या बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त "असू द्या" म्हणाल्या आणि घड्याळ पर्समध्ये ठेवून निघून गेल्या. त्या रात्री माझ्या काचेवर आतून दमट वाफ धरली होती. घड्याळजींना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. गल्लीत विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, "मोबाईल आले, घड्याळं कोण घालतंय आता?" हाताचा थरकाप त्यांनी कुणालाही कळू दिला नाही. लोकांसमोर पेन धरायचं टाळलं, चार माणसांत जाणंही सोडलं. आणि मी ड्रॉवरमध्ये, स्क्रू ड्रायव्हरांच्या शेजारी सात महिने पडून राहिलो. वापरात नसलेल्या भिंगाला काहीच दिसत नाही हो, स्वतःची काचसुद्धा नाही.

मला बाहेर काढलं ते घड्याळजींच्या पत्नीनं; मी त्यांना नुसतं बाई म्हणतो. या शिवणकाम करतात आणि यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीची उत्सुकता. वस्तीच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी एक स्पर्धा जाहीर केली होती. चार दिवसांत आपल्या वस्तीत जितक्या प्रकारचे जीव दिसतील, तितक्यांचे फोटो काढायचे, जागा आणि वेळ लिहायची आणि मोबाईलवरच्या ॲपवर टाकायचं. दूरदूरचे जाणकार ते तपासणार. गुरुवारी सुरू, रविवारी संध्याकाळी पाचला संपणार. सामना नदीपलीकडच्या वस्तीशी. त्यांच्याकडे बाग आहे, तळं आहे. आमच्याकडे गटारी, गच्च्या आणि कुंड्या.

बाई पहिल्याच दिवशी सोळा फोटो टाकून आल्या, त्यातले अकरा धूसर म्हणून परत आले. तेव्हा त्यांना मी आठवलो. मला मोबाईलच्या पुढे धरून त्या कुंडीतल्या गुलाबावरचा मावा टिपू लागल्या. आतल्या खोलीतून घड्याळजी कडाडले.

"अगं, काचेवर बोटं काय ठेवतेस! कडेनं धर, कडेनं!"

"मग तुम्हीच धरा," बाई म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं."

त्यांना सगळं कळत होतं. चाळीस वर्षांचा संसार, नवऱ्याचा हात थरथरतो हे त्यांना कळलं नसेल होय? पण ते विचारायचं कसं, हे मात्र सात महिने सुचलं नव्हतं.

घड्याळजी आले, मला सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि डोळ्यात बसवलं. तीच पापणी, तीच भुवई, फक्त केस आणखी पांढरे झालेले. आणि समोर काय! मी जन्मभर दातेरी चाकं पाहिलेली. इथे एक हिरवा जीव आपल्या सोंडेनं गुलाबाचा रस ओढत होता आणि त्याच वेळी चक्क पिल्लाला जन्म देत होता. घड्याळजींच्या तोंडून "अरे!" निघालं. त्या एका शब्दावर ते दुपारभर कुंडीपाशी बसून राहिले.

शनिवारी सकाळी त्यांना तो दिसला. गुलाबाच्या पानावर धुळीचा एक कण, तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि तो चालत होता.

"अगं, इकडे ये! कचरा चालतोय!"

बाई धावल्या. घड्याळजींनी पान अलगद खुडून टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवलं. मी डोळ्यावर चढलो. धुळीच्या ढिगाखाली सहा पाय दिसत होते आणि पुढे विळ्यासारखे दोन जबडे. आता जित्याची खोड ती. टेबलावर आलेल्या वस्तूवर धूळ दिसली की घड्याळजींचा हात फुग्याकडे जायचाच. फुस्स, फुस्स! मग चिमटा. माव्याची वाळकी सालं, कसली कसली लव, धाग्यांचे तुकडे, एकेक करत त्यांनी पाठीवरून सगळं उतरवलं आणि बशीत क्रमानं मांडून वर वाडगा पालथा घातला. अर्ध्या तासानं खाली एक फिकट, केसाळ, नागडी अळी राहिली. आणि गंमत अशी, की त्या अर्ध्या तासात हात एकदाही थरथरला नाही.

"बघितलंस?" ते बाईंना म्हणाले. सात महिन्यांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "एक ओरखडा नाही तिच्या अंगावर."

फोटो निघाला, अगदी नितळ. बाईंनी तो ॲपवर टाकला. तासाभरानं एका जाणकाराचं उत्तर आलं. बाईंनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मध्येच त्यांचा आवाज उतरला.

"'फोटो फारच स्पष्ट आहे, अभिनंदन. पण हिच्या पाठीवरचं ओझं कुठे गेलं? हिरव्या, जाळीदार पंखांचा एक नाजूक कीटक असतो, त्याची ही अळी आहे. शिकारीची सालं आणि कचरा ती स्वतः पाठीवर रचते आणि त्याखाली लपते. उघडी राहिली तर मुंग्या तिला ओळखतात आणि मारून टाकतात. ओझ्यासकट फोटो असल्यास टाकावा, नाहीतर नेमकी ओळख पटवणं अवघड आहे.'"

घड्याळजींनी मला डोळ्यातून काढलं. त्यांच्या बोटांचा थरकाप माझ्या कड्यातून मला जाणवत होता.

"हात दाखवून अवलक्षण," ते म्हणाले. "परत एकदा. चांगलं चालू असलेलं टेबलावर घेतलं आणि मोडून ठेवलं. ने ते पान. मला नको सांगूस आता काही."

खरं सांगतो, मलाही वाटलं, आता आपण परत ड्रॉवरमध्ये. मग बाईंनी वाडगा उचलला आणि बशी पुढे सरकवली.

"मोडलं कुठे? उघडलंय फक्त. उघडलेलं तुम्ही परत बसवत नाही का?" आणि बशीत वाकून पाहत त्या एकदम ओरडल्या, "अहो, हा लाल धागा माझा! परवा मी झबल्याला लाल किनार लावली ना, त्यातला. ही बया माझ्या शिलाईचा कचरा अंगावर घालून फिरत होती!"

घड्याळजींना हसू आलं की रडू, ते मला त्यांच्या पापण्यांवरूनही सांगता येणार नाही. पण त्यांनी मला पुन्हा डोळ्यात बसवलं. चिमट्यात तो लाल तुकडा धरला आणि अळीकडे नेला. यावेळी हात थरथरत होता. लपवताही येणार नाही इतका. अळीच्या तोंडासमोर लाल धागा नुसता नाचत होता. मला भीती वाटली की चिमट्याचं टोक तिला लागणार.

अळीनं मान वर केली. विळ्यासारख्या जबड्यांनी तिनं तो नाचता धागा धरला, चिमट्यातून ओढून घेतला, पाठीमागे मान टाकली आणि बरोबर खांद्यांच्या मध्ये नेऊन ठेवला. तिच्या केसांत तो अडकून बसला. मग तिनं दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

काय सांगू तुम्हाला! एकेचाळीस वर्षांत एकाही चाकानं स्वतःहून दाता पुढे केला नव्हता.

दुपारचं जेवण राहून गेलं. घड्याळजी तुकडे देत होते, अळी ते घेत होती आणि बाई दर दहा मिनिटांनी फोटो काढून वेळ लिहीत होत्या. कधी तुकडा चिमट्यातून निसटून कागदावर पडायचा. मग अळी स्वतः चालत जाऊन उचलायची. तीन तासांत ढीग पुन्हा उभा राहिला. घड्याळजींनी पान नेऊन गुलाबावर टेकवलं आणि अळी माव्यांच्या घोळक्यात शिरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. त्यातल्या अकरा फोटोंची मालिका ॲपवर गेली. नोंद मान्य झाली. खाली त्याच जाणकारानं लिहिलं होतं, "हे पाहायला मिळालं, आभारी आहे."

रविवारी चार वाजता वाचनालयात सगळे जमले. ज्यांची ओळख पटली नव्हती ते जीव डब्यांतून, बाटल्यांतून आणायचे, असं ठरलं होतं. घड्याळजी येणार नाहीत असं बाई धरून चालल्या होत्या. ते सदऱ्याच्या खिशात मला घालून आधीच दारात उभे होते.

पाचला वीस मिनिटं असताना प्लंबर आले. बाटलीच्या झाकणात, प्लास्टिकच्या कागदाखाली, त्यांनी एक इवलीशी काळसर माशी आणली होती. लोक हसले. "अहो, ही तर मोरीतली! घरोघरी भिंतीवर बसलेली असते."

"म्हणूनच आणली," प्लंबर म्हणाले. "यादीत आहे का?"

ग्रंथपालबाईंनी यादी चाळली. दोनशे बारा नोंदी होत्या, एका प्रकाराची एकच धरून. घारी होत्या, घुबड होतं, एका गच्चीवरची खार तर सात जणांनी टाकली होती. मोरीतली माशी नव्हती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

"घड्याळकाका, तुम्ही बघा," कुणीतरी म्हणालं. घड्याळजींनी मला लावलं आणि झाकण हातात घेतलं. सगळे भोवती वाकले. बाई मोबाईल घेऊन शेजारी. झाकण थरथरू लागलं. माशी माझ्यासमोर यायची आणि निसटायची.

"काका, हात जरा स्थिर ठेवा ना," मागून एक जण सहज बोलून गेला.

बाई काही बोलणार होत्या, मी त्यांचा श्वास ऐकला. पण त्यांनी स्वतःला थांबवलं.

"नाही राहत स्थिर," घड्याळजी म्हणाले. डोळ्यातून त्यांनी मला काढलं नाही. "हात थरथरतो माझा. मोबाईलमुळे नाही, त्यामुळे दुकान बंद केलं. एकीच्या वडिलांचं घड्याळ मोडलं माझ्या हातून. तुम्हाला खोटं सांगितलं मी."

माझ्या काचेवर पुन्हा वाफ धरू लागली होती. मग प्लंबरचा जाड, पान्याच्या घट्ट्यांनी भरलेला हात माझ्यासमोर आला आणि त्यानं झाकण अलगद काढून घेतलं.

"एवढंच ना? आणा इकडे. मी धरतो, तुम्ही बघा."

झाकण स्थिर झालं. घड्याळजींनी मला सदऱ्याला पुसून परत बसवलं आणि आम्ही पाहिलं. त्या माशीच्या अंगावर दाट, मऊ लोकर होती. पंखांना झालर होती, करड्या आणि पांढऱ्या केसांची. डोक्यावर मण्यांच्या माळांसारख्या दोन मिशा होत्या. इतकं नटूनथटून ती रोज मोरीच्या भिंतीवर बसत होती आणि तिच्याकडे पाहणारा कुणी नव्हता.

"काय दिसतंय, काका?" प्लंबरनं विचारलं. "तुम्हीच बघा," घड्याळजी म्हणाले. त्यांनी मला काढून प्लंबरच्या डोळ्याला लावलं. "रोज हिला पाण्यानं उडवतो मी," प्लंबर म्हणाले.

पाचला तीन मिनिटं असताना दोनशे तेरावी नोंद गेली. नदीपलीकडच्यांच्या दोनशे एकतीस झाल्या. आम्ही हरलो, आणि रीतसर हरलो.

आता मी वाचनालयात असतो, खिडकीजवळच्या टेबलावर. घड्याळजी दर रविवारी येतात. लोक डब्या घेऊन येतात. जो डबी आणतो त्यानं ती धरायची आणि काकांनी बघायचं, अशी आता पद्धतच पडली आहे. माझ्या कडेला एक टवका उडालाय, आणि दहा जणांच्या डोळ्यांचा घाम लागून काळा रंगही जरा फिकटलाय. त्याचं मला काही वाटत नाही.

तुम्हाला एकच विनंती आहे. कधी आलात तर मला डोळ्याला लावा, काचेला बोट न लावता, कडेनं धरून. माझी नजर दोन बोटांपलीकडे जात नाही, तेव्हा तुम्हालाच जवळ यावं लागेल. आणि तुमचा हात थरथरत असेल तर मोकळेपणानं सांगा. आमच्याकडे धरणारे पुष्कळ आहेत.