बाबा म्हणाले, 'घड्याळ'

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून दिवसाला पाच-सहा शब्द निघत. ऐन उमेदीत त्यांनी कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिले होते. आता पाणी मागतानाही त्यांची दमछाक होई. सून घरूनच काम करायची, म्हणून त्यांची आरामखुर्ची तिच्या टेबलाला लागूनच असे.

सुनेचं काम अडलं होतं. नवजात बाळांना ऐकू येतं की नाही हे तपासणारं तिचं यंत्र दहातल्या तीन वेळा सुरू होता होताच कोलमडायचं आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचं. प्रोसेसर जागा होतो तो जुन्या, साध्या मोडमध्ये. मग तिने लिहिलेला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम त्याला नव्या मोडमध्ये नेतो आणि सूत्रं कर्नलच्या, म्हणजे मुख्य प्रणालीच्या गाभ्याच्या, हाती देतो. घोळ नेमका तिथेच होता. नऊ दिवस ती डोकेफोड करत होती.

"एकदा चालतं, एकदा नाही! नेहमीच बिघडलं असतं तर पकडलं तरी असतं," ती वैतागून म्हणाली.

बाबा तिच्या संगणकाच्या पडद्याकडे बघत होते. "घड्याळ," ते म्हणाले.

"सव्वाअकरा झालेत, बाबा."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. "घड्याळ... बंद."

टिकटिक त्रास देत असेल म्हणून तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवून सेल काढला. बाबांनी कपाळावर हात मारला. मग तोच डावा हात पुढे करून पडद्यावर बोट टेकवलं, मोड बदलणाऱ्या ओळीच्या बरोब्बर वर.

आता तिला उमगलं. यंत्राच्या आतलं घड्याळ! ते प्रोसेसरला सेकंदाला कितीतरी हाका मारतं. जुन्या मोडमध्ये त्यांना ओ देणारं कुणीतरी असतं. मोड बदलला की कर्नल स्थिरस्थावर होईपर्यंत कुणीच नसतं, आणि नेमकी तेव्हा हाक आली की प्रोसेसर गडबडून पुन्हा सुरू होतो. तेवढा वेळ हाका थांबवायची सूचना ती लिहायलाच विसरली होती.

तिने ती ओळ घातली आणि यंत्र चाळीस वेळा बंद-चालू केलं. एकदाही कोलमडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुढचा प्रोग्राम मोठ्या अक्षरांत छापून बाबांच्या मांडीवर ठेवला. तासाभराने त्यांनी पेन्सिलीने एका ओळीखाली वाकडीतिकडी रेघ ओढली.

"हे... काय... लिहिलंस?"

झटक्यानंतरचं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य, तेही चांगलं खडसावून. तिने लगेच नवऱ्याला फोन लावला.

"अरे, बाबा मला ओरडले!" ती म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली.