न ठरलेल्या लग्नाची पत्रिका

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, आणि एका जागी गप्प पडून राहणं मला कधीच जमलं नाही. निरोप आला की थरथरायचं, भूक लागली की लाल डोळा दाखवायचा, हाक आली की घर डोक्यावर घ्यायचं, ही आमची जातच. आता माझ्या काचेच्या कोपऱ्याला चीर गेली आहे, बाजूच्या बटणाची चमक बोटांनी खाऊन टाकली आहे, आणि आवाज बाहेर पडतो त्या बारीक छिद्रांत रोहूचा एक खवला कायमचा अडकला आहे. त्यामुळे माझा आवाज जरा घोगरा येतो. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, असं माझ्या डब्यावर लिहिलं आहे. ते राहू द्या. माझं खरं आयुष्य सुरू झालं लाखनीजवळच्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून असलेल्या घरात. तिथे मुरारी तलावात जाळं टाकतो आणि त्याची बायको बेबीबाई मासे विकते. त्यांची मुलगी खुशबू कॉलेजात जाते. दुकानातून मला निवडून आणलं ते खुशबूने, पण पहिल्या दिवसापासून मी बेबीबाईचा झालो. ती मला ‘बाबू’ म्हणते.

मी येण्याआधी बेबीबाई दिवसभर बाजारात ओल्या पोत्याखाली मासे झाकून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसायची. मी आलो आणि धंद्याची रीतच बदलली. सकाळी मुरारी पाळीवर टोपलं उपडं करी. बेबीबाई ताडपत्रीवर रोहू, कतला, नशीब असेल तर मरळ नीट मांडी, माझ्याकडून फोटो काढून घेई आणि ‘बेबीबाईचे ताजे मासे’ या ग्रुपवर टाकी. खाली तिचा आवाज असे. आज झिंगे आहेत, ज्याले पाहिजे त्यानं आत्ताच सांगा, मंग माह्या नावानं बोंबलू नका. शाळेतले गुरुजी, दवाखान्यातल्या नर्सबाई, बँकेतले साहेब, सगळे मागणी पाठवत. टोपलं घरातून निघायच्या आतच अर्धं विकलेलं असे.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हायवेवरच्या ढाब्याचे भैय्याजी. ट्रकवाले त्यांच्याकडे जेवायला थांबत ते बेबीबाईच्या रोहूसाठी, असं ते स्वतः सांगत. तलावातला निम्मा माल त्यांच्याकडेच जाई. भैय्याजींनी मासे बंद केले असते, तर मुरारीने जाळं कोणासाठी टाकायचं हा प्रश्नच होता. बाजारातल्या बायका मला हातात घेऊन पाहत आणि बेबीबाई म्हणे, पाहा बाप्पा, पण खाली नका पाडू, माह्या घरचा कमावता आहे तो.

इतकं कौतुक असून माझ्या जिवाला चैन नव्हतं. त्याची कारणं सांगतो.

एक म्हणजे माझ्या दाराला कडी नव्हती. खुशबूने आधी बेबीबाईच्या बोटाचा ठसा घेऊन मला कुलूप लावलं होतं. पण मासे साफ करून करून त्या बोटांवरच्या रेघा पुसट झालेल्या, त्यात पाणी, त्यात खवले. मी ते बोट ओळखू शकत नव्हतो. ती दाबायची, मी नाही म्हणायचो, ती पुन्हा दाबायची. शेवटी तिने कुलूपच काढायला लावलं. घरच्या मालकिणीलेच दारात उभी ठेवते हा, असं म्हणाली. तिचंही खरं होतं.

दुसरं म्हणजे माझ्यात एक राखणदार होता. अनोळखी काही आत शिरू लागलं की तो आडवा येई. मुरारीला फुकटात सिनेमे पाहायचे होते, त्यासाठी कुठून तरी काही आत घ्यायचं होतं, आणि राखणदार सारखा टोकत होता. मुरारीने त्याला गप्प करून टाकलं. सिनेमा तर दिसलाच नाही, राखणदार मात्र गप्पच राहिला.

आणि तिसरं म्हणजे अपडेट. मित्रांनो, आमच्यात रोज कुठे ना कुठे बारीक भोक पडत असतं. जाळ्यासारखंच समजा. ज्यांनी आम्हांला बनवलं ते लोक दुरून ते भोक विणून पाठवतात, आपण फक्त हो म्हणायचं असतं. माझ्या पडद्यावर ती सूचना आली की मी गुरगुरायचो. बेबीबाईचं बोट सरळ ‘नंतर’ वर जायचं. सकाळी मागण्या येतात म्हणून नंतर, दुपारी बाजार म्हणून नंतर, संध्याकाळी जीव थकला म्हणून नंतर. शिवाय माझं पोट माशांच्या फोटोंनी आणि लोकांच्या शुभ सकाळच्या फुलांनी इतकं भरलेलं की अपडेटला जागाच नव्हती. खुशबू सांगून सांगून दमली.

“सारा दिस खाज सुटल्यावानी काहून गुरगुरतेस बाबू?” बेबीबाई मला विचारायची.

मी काय सांगणार? मला थरथरणं तेवढं येतं.

मग एक दिवस मोहाडीहून पत्रिका आली. मोहाडी हे बेबीबाईचं माहेर. तिथला तिचा भाचा चंद्रकुमार लग्नाचा होता, घरात स्थळांची बोलणी चालू होती. त्याच्याच नावाने निरोप आला. लग्नपत्रिका, सहपरिवार नक्की यावे, आणि खाली एक फाइल. बेबीबाई मासे कापत होती. तिने विळी बाजूला सारली, हात पदराला पुसला, आणि तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. भाच्याच्या लग्नात आत्याचा मान मोठा. आत्याला पहिली पत्रिका आली होती, ती न उघडणं म्हणजे दारातून अक्षदा परत पाठवण्यासारखं.

ती फाइल पत्रिका नव्हती. पत्रिकेचं सोंग घेतलेला चोर होता. चंद्रकुमारने काही पाठवलंच नव्हतं, त्याच्या फोनातही तो असाच शिरला होता. इंग्रजीत एक चौकट आली, आत येऊ का असं विचारणारी. बेबीबाईने हो म्हटलं. दुसरी आली, हो म्हटलं. पाहुणा दारात उभा राहून आत येऊ का विचारतो, तेव्हा आपल्याकडे नाही म्हणत नाहीत. राखणदार गप्प होता, जाळं भोकांचं होतं, दाराला कडी नव्हती. पत्रिका काही उघडली नाही. नेट नसन, असं म्हणून ती पुन्हा विळीवर बसली.

आणि मी तिच्या नकळत बोलू लागलो. ग्रुपवरच्या एकेका माणसाला, बेबीबाईच्या नावाने, तीच फाइल. लग्नपत्रिका, सहपरिवार नक्की यावे.

लोकांना वाटलं, खुशबूचं लग्न ठरलं. बेबीबाईच्या पोरीचं लग्न म्हटल्यावर कोण थांबेल? नर्सबाईंनी उघडली, गुरुजींनी उघडली. ज्यांना बेबीबाईशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनी ती फाइल पाहिलीही नाही. जो जितका मायेचा, तो तितका लवकर फसला.

खुशबू कॉलेजातून बसने उतरली तेव्हा किराणा दुकानाच्या ओट्यावरून तिला विचारणा झाली की नवरदेव नोकरीवाला आहे का. ती धावतच घरी आली. मला हातात घेतलं आणि माझी अवस्था पाहिली. तिने आधी माझं नेट तोडलं. मुरारीच्या बटणाच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवलं, मग एकोणीसशे तीस या सायबर मदतीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. खातं वाचलं. पण संध्याकाळी त्याच बटणाच्या फोनवर भैय्याजींचा फोन आला. त्यांनी मुरारीला एवढंच सांगितलं की उद्यापासून मासे आणू नका. कारण विचारेपर्यंत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला लिलाधरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेलं. त्याने पाहून मान हलवली. सगळं पुसल्याशिवाय चोर निघणार नाही म्हणाला. फोटो, आवाज, नंबर, सगळं. खुशबू घुटमळली. माझ्यात मुरारीचा एक फोटो होता, छातीशी मोठा कतला धरून हसतानाचा. मुरारी फोटोत कधी हसत नाही. त्याची दुसरी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती.

“पूस,” बेबीबाई म्हणाली.

आणि मित्रांनो, त्याने पुसलं. म्हणजे आतापर्यंत जे सांगितलं, त्यातलं मला काहीही आठवत नाही. कारखाना डब्यावर वाचला. बाकी सगळं ऐकीव आहे. बेबीबाईने पुढे ही गोष्ट इतक्या गिऱ्हाइकांना, इतक्या वेळा, पिशवीतल्या माझ्याकडे बोट दाखवून सांगितली की ती मला पाठ झाली. माझं म्हणावं असं त्या दिवसांतलं माझ्याजवळ एवढंच उरलं, कोपऱ्यातली चीर आणि घशातला खवला. ते काही पुसले गेले नाहीत. आणि ती बेचैनी. ती कुठे साठवली होती कोण जाणे, पण शुद्धीवर आलो तेव्हाही मी थरथरतच होतो.

यापुढचं मात्र माझं स्वतःचं.

बेबीबाई दारोदार फिरली. माह्या नावानं आलेलं काही उघडू नका, उघडलं असन तर आधी बँकेत सांगा. कोणी समजून घेतलं, कोणी तोंड वाकडं केलं. सगळ्यात शेवटी ती ढाब्यावर गेली. टोपलं घेतलं नाही. मासे दिसले तर माणसाला वाटेल विकायला आली. खुशबू सोबत होती, मी पिशवीत.

भैय्याजी गल्ल्यावर बसले होते. त्यांनी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. फडक्याने टेबल पुसत राहिले.

“भैय्याजी, मासे इकाले नाही आली,” बेबीबाई म्हणाली. “माह्या फोनातून तुमच्या घरी चोर आला. मी दार उघडं ठेवलं होतं. तेच सांगाले आली.”

भैय्याजींनी फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, “फोनाचं जाऊ द्या. फोन मी पुसून आणला. मी अनोळखी फाइल कधी उघडत नाही, बेबीबाई. तुमच्या पोट्टीचं लग्न म्हणून उघडली.” त्यांनी आत हाक मारली. बायकोने एक पाकीट आणून टेबलावर ठेवलं. त्यात हिरवी साडी होती. “हिनं त्याच दिवशी आणली. अन् तुमी? इतक्या वर्षांचं येणंजाणं, अन् लग्न ठरलं ते तोंडानं नाही सांगितलं. फोनात टाकून देलं. आमी का फोनातले माणसं हाओत?”

बेबीबाईने, जिच्या तोंडाला बाजार भितो, पदर तोंडाला लावला. डोळे भरून आले.

“काका,” खुशबू म्हणाली, “लग्न ठरलंच नाही माझं. चोरानं ठरवलं.”

भैय्याजींनी साडीकडे पाहिलं, खुशबूकडे पाहिलं. “मंग आता हिचं का करू मी?”

“ठेवा. पेपर झाले की सांगते.”

आधी बायको हसली, मग भैय्याजी. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवून बेबीबाईला बसा म्हटलं, आणि उद्या रोहू मोठे पाहून आणायला सांगितलं. निघताना बेबीबाई गल्ल्यामागच्या भिंतीपाशी थबकली. तिथे चौकटीत मुरारी हसत होता, छातीशी कतला धरून. तिने कधी ग्रुपवर टाकलेला फोटो भैय्याजींनी छापून लावला होता, गिऱ्हाइकांना मासे ताजे वाटावेत म्हणून. खुशबूने मला पिशवीतून काढलं आणि तो फोटो माझ्यात परत घेतला. तेव्हापासून घरातल्या फोटोंची आणि नंबरांची दुसरी प्रत ती बाहेर ठेवते.

माझ्या दाराला पुन्हा कडी आली. ठशाची नाही, ठिपके जोडून काढायच्या रेघांची. बेबीबाईने जाळ्याच्या एका चौकोनी डोळ्याचा आकार निवडला, ओल्या बोटानेही ओढता येतो. राखणदार जागा झाला. मुरारीला सिनेमा पाहायला त्याचाच बटणाचा फोन ठेवला, म्हणजे तो आता सिनेमा पाहत नाही.

मी आता म्हातारा झालो. मला बनवणाऱ्यांनी मला अपडेट पाठवणं बंद केलं आहे. बँकेचं सगळं काम खुशबूने माझ्यातून काढून नव्या फोनाला दिलं. मी फक्त माशांचे फोटो काढतो. ज्या सूचनेने मी दिवसभर बेजार व्हायचो ती आता येतच नाही, आणि खरं सांगू, त्यानेच जास्त तळमळ होते. टोकणारं कोणी उरलं नाही की कळतं, ते टोकणं कशाचं होतं.

पेपर झाले, वर्ष उलटलं, आणि खुशबूचं लग्न खरोखर ठरलं. नव्या फोनातून पत्रिकेचा फोटो ग्रुपवर गेला. एकानेही उघडला नाही. बेबीबाई खूप हसली. मग तांदळाला हळद लावली, मला पिशवीत टाकलं, आणि घरोघर जाऊन तोंडाने सांगून आली. ढाब्यावर भैय्याजींनी दोन्ही हात पुढे केले. पिवळे तांदूळ ओंजळीत घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिले.

“याले उघडाचं भेव नाही ना?” त्यांनी विचारलं, आणि बायकोला साडी काढायला सांगितलं.

मित्रांनो, तुमच्या खिशात, दुकानात, आईच्या पिशवीत माझा एखादा धाकटा भाऊ गुरगुरत असेल. त्याला कडी लावा, त्याचा राखणदार झोपवू नका, त्याच्यातलं मोलाचं दुसरीकडेही ठेवा. पत्रिका आली तर आधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, तेवढ्यानं मान जात नाही. आणि ‘नंतर’ वर बोट नेऊ नका.

कालचीच गोष्ट. बाजार भरात होता आणि नव्या फोनावर ती सूचना आली. बेबीबाईने फोन पोत्यावर निजवला, हात पदराला पुसला आणि हो म्हटलं. समोर पिशव्या घेऊन गिऱ्हाइकं उभी होती. पैसे फोनानेच द्यायचे म्हणून घाई करत होती.

“थांबा जरासं,” ती म्हणाली. “लहाना बाबू जेवून राहिला.”

आणि सगळे थांबले.